बारा केसांचा विंचू

ताईंच्या कपाटाला हात लावायची संग्रहालयात कुणाची टाप नव्हती. संचालक त्यांच्याहून वयाने मोठे, पण तेही त्यांना ताईच म्हणायचे आणि किल्ली मागायच्या आधी दोनदा खाकरायचे. आणि कपाटात होतं काय? बाटल्या, स्लाइडी, आणि त्यांत तिळाएवढे खोटे विंचू. विंचवासारखे पुढे दोन चिमटे, पण मागे शेपूट नाही की डंख नाही. सालीखाली, पाचोळ्यात, जुन्या पुस्तकांच्या पाठीत राहायचं, आपल्याहून बारीक किडे खायचे, आणि फुंकर मारली की उलट्या पावली पळायचं. कोळी नव्हे, गोचीड नव्हे, खरा विंचूही नव्हे. आठ पायांच्या त्या मोठ्या खानदानात ह्यांची चूल वेगळी.

ताईंच्या आईला हे काही पटायचं नाही. "ढेकूणच तो," आई म्हणायची.

"आई, ढेकणाला सहा पाय असतात."

"मग दोन पाय जास्तीचा ढेकूण." एवढं बोलून ती पुन्हा रेडिओ मोठा करायची. ताईंनी लग्न केलं नाही, आईला सांभाळलं, आणि सगळा जन्म ह्या जास्तीच्या दोन पायांत घातला.

नऊ नव्या जाती त्यांनी शोधल्या. नऊ नावं दिली. एक गुरूंचं, एक आईचं, एक तर चक्क संग्रहालयाच्या वॉचमनचं, कारण तो विंचू त्याच्या खुर्चीखाली सापडला होता. पण स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, हा ह्या कामातला रिवाज. ते दुसऱ्याने द्यायचं असतं. आणि ताईंचं नाव आजवर एकाही माणसाने एकाही विंचवाला दिलं नव्हतं.

बेबीचं दिलं होतं.

बेबी म्हणजे धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बेबीच. ताईंना तिचा हेवा वाटायचा. उगाच आडवळणाने कशाला सांगायचं, हेवाच वाटायचा, आणि तो काही आजकालचा नव्हता. लहानपणी नवा फ्रॉक बेबीला, खिडकीजवळची जागा बेबीला, आणि मार मात्र दोघींत वाटून. बरं, बेबी कशासाठी धडपडायची म्हणावं, तर तेही नाही. तिला सगळं आपोआप मिळायचं, हेच तर ताईंच्या डोळ्यांत सलायचं.

आणि ह्या कामात तिला आणली कुणी? ताईंनीच. कॉलेज संपवून घरात बसली होती, आईचं डोकं खात होती, म्हणून ताईंनी तिला संग्रहालयात नेलं, मायक्रोस्कोपपुढे बसवलं आणि म्हणाल्या, "केस मोज." खोट्या विंचवाचे डोळे असून नसल्यासारखे. तो जगतो चिमट्यावरच्या लांब केसांवर. हवा जराशी हलली की केस हलतो आणि त्याला कळतं, कुणीतरी आलं. लहान पिल्लाच्या चिमट्यावर असे केस चार. कात टाकली की आठ, पुन्हा टाकली की दहा, आणि शेवटची कात टाकून मोठा झाला की बारा. दहा केसवाल्याला नवी जात म्हणून नाव द्याल तर झालीच फजिती, कारण ते बहुतेक कुणाचं तरी पोर निघतं.

पुढे बेबी कॉलेजात शिकवायला लागली. पहिल्याच वर्षी मुलांना घेऊन सहलीला गेली, एका दगडावर बसली, दगड डुगडुगला म्हणून उठली, आणि दगडाखाली नवी जात! ताईंच्या गुरूंनी, ताईंच्या बरं का, त्या जातीला बेबीचं नाव दिलं. समारंभात ताईंनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन भांडी अशी घासली की कढईचा कान हातात आला.

ह्या गोष्टीलाही वर्षं झाली. आता ताईंची निवृत्ती तोंडावर आली होती. कपाट दुसऱ्याच्या हाती जाणार, खोलीच्या दारावरची पाटी निघणार, आणि मागे नाव म्हणून काय राहणार? काही नाही. ताई हे कुणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण रात्रंदिवस मनात तेच घोळत होतं.

अशात एक दिवस बेबी स्लाइड घेऊन आली. "ताई, जरा बघ ना. बस डेपोमागच्या वाळक्या झाडाच्या सालीखाली मिळाला. एकुलता एक. एक चिमटा उचलतानाच मोडला, पोटाची बाजू गढूळ झालीय. पण मला काहीतरी वेगळा वाटतो."

वेगळा वाटतो म्हणे. ताईंनी डोळा लावला तो काढलाच नाही. उरलेल्या चिमट्याच्या बोटावर दातांची रांग होती, आणि ते दात बाहेरच्या बाजूला वळलेले होते. एवढ्या वर्षांत असे दात त्यांनी पाहिले नव्हते. कुणीच पाहिले नव्हते. आणि हे मिळालं कुणाला? बेबीला. डेपोमागे! ताई आयुष्यभर गुडघे घासत रानोमाळ फिरल्या, आणि ही बसची वाट बघता बघता नवी जात घेऊन आली.

त्यांनी केस मोजले. दहा. मग दिव्याचा उजेड तिरका केला. केस गळला तरी चिमट्यावर त्याची खळी राहते. दोन खळ्या स्पष्ट दिसल्या, गोल, रिकाम्या. दहा आणि दोन बारा. पूर्ण वाढलेला.

"किती गं?" मागून बेबीने विचारलं.

"दहा," ताई म्हणाल्या.

"दहा मीही मोजले. पण मला वाटलं, दोन गळले असतील."

"वाटण्यावर नावं देतात का? पिल्लू आहे. तुझ्यासारखंच."

बेबी हसली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. "तू म्हणतेस म्हणजे झालं," असं म्हणून तिने स्लाइड डबीत ठेवली आणि गेली. भांडली नाही, पुन्हा बघ म्हणाली नाही. ताईंनी उजेड पुन्हा सरळ केला. त्या संध्याकाळी त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. रात्री मात्र भरलं ताट बाजूला सारून त्या उठल्या.

दर रविवारी आईला भेटायला येणारी बेबी पुढच्या रविवारी आली नाही. आई बटणं निवडत बसली होती. "ती का नाही आली गं?"

"रुसली असेल. नवी जात नवी जात करत नाचत होती. मी सांगितलं, पिल्लू आहे."

आईचा हात थांबला. "म्हणजे तुझ्या नावाचा ढेकूण गेला म्हणायचा."

"माझ्या नावाचा?"

"बोलू नकोस म्हणाली होती, पण आता काय! तुझ्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार होती. मला फोनवर रोज म्हणून दाखवायची, तुझं नाव आणि पुढे कसलीशी लॅटिन शेपटी. मला मेलं ते म्हणताच येईना, तर हसायची खदाखदा."

ताई उठल्या त्या तशाच, घरातल्या चपलांनी. रविवार असला तरी बेबी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तिथेच होती ती, एकटी, ट्रे धूत.

"ती स्लाइड कुठाय?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"कुठली? ते पिल्लू होय?" बेबीने हात पुसले. "अगं, ते काल मुलांच्या प्रॅक्टिकलला लावलं. एका शहाण्याने मोठी लेन्स खाली आणली ती थेट काचेवर. कच्चकन!" तिने खणातून कागदाची पुडी काढली. काचेला तडे गेले होते आणि मधोमध, जिथे चिमटा होता, तिथे पिठासारखं काहीतरी पसरलं होतं. ताई पुडी खाली ठेवत नाहीत हे बघून बेबीच समजूत घालायला लागली. "जाऊ दे गं. पिल्लूच तर होतं."

"पिल्लू नव्हतं," ताई म्हणाल्या.

"म्हणजे? तुझी चूक झाली?"

सुटायला वाट होती. 'हो, वय झालं, नजर गेली' म्हटलं असतं तर बेबीने वर चहा पाजला असता. ताईंच्या ओठांवर आलंही होतं ते.

"चूक नाही झाली. दोन खळ्या दिसल्या होत्या मला. तुझ्यासमोर दिसल्या होत्या."

बेबीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "का?" एवढंच तिने विचारलं.

"तुला मिळाला म्हणून."

नळ टपटपत होता, तो बेबीने घट्ट बंद केला. "माझ्याकडे फोटो आहेत, पण फोटोवर नाव देता येत नाही. जीव हातात हवा." मग भिंतीकडे बघून म्हणाली, "डेपोमागचं ते झाड परवाच पाडलं. ओंडके अजून तिथे आहेत. उद्या उचलणार म्हणतात." तिने पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. चल म्हणाली नाही. ताई मागोमाग गेल्या.

डेपोमागे भिंतीशी ओंडके रचून ठेवले होते. दोघी दोन टोकांना बसल्या आणि साल सोलत एकमेकींच्या दिशेने सरकत राहिल्या. मुंग्या निघाल्या, वाळवी निघाली, एक रागीट गोम निघाली. उन्हं कलली. घरच्या चपलांत ताईंचे पाय चिखलाने भरले, बोटांत कुसळं गेली.

आणि मग एका सालीच्या आतल्या बाजूला तिळाएवढं काहीतरी हललं. ताईंनी फुंकर मारली. ते दोन्ही चिमटे वर करून उलट्या पावली पळालं. ताईंनी बेबीने दिलेल्या ओल्या ब्रशने ते अलगद टिपलं. गळ्यात कायम लटकणाऱ्या भिंगाकडे त्यांचा दुसरा हात आपोआप गेला. सगळ्या आयुष्याची सवय ती, आधी आपण बघायचं. भिंग बोटांत आलं, तसं त्यांनी ते सोडून दिलं.

"बेबी, बाटली आण."

बेबीने बाटली पुढे केली. ताईंनी ब्रश आत बुडवला. बेबीने बूच लावलं, बाटली स्वतःच्या पिशवीत ठेवली, आणि तेव्हा कुठे विचारलं, "बघितलंस?"

"नाही. तू मोज."

"बारा निघाले तरी तुझं नाव देणार नाही मी त्याला."

"नको देऊस," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या ओंडक्याची साल सोलायला लागल्या.