एका बाहीचा कोट

"उभ्याने बोलू नकोस. आधी बस."

भेटायला येईल त्याला दादा हेच म्हणायचा. मग तो गाऱ्हाणं घेऊन आलेला दुकानदार असो, नाहीतर दम द्यायला धरून आणलेला माणूस. पोरवयात तो धाकट्या बहिणीचं बोट धरून या परक्या बंदरावर उतरला. भाषा येत नव्हती. कामाच्या रांगेत दोघं दिवसदिवस उभी असायची. बसा म्हणणारं कुणी भेटलं नाही. पुढे धक्क्यावरची गोदामं त्याच्या शब्दावर उघडू-मिटू लागली, तेव्हा त्याने आधी खुर्च्या आणल्या. त्याच खुर्च्यांवर बसवून त्याने माणसांची बोटंही मोडली. ते मी झाकत नाही.

बहिणीने त्याच्या कमाईला हात लावला नाही. शिवण शिकून तिने आपलं दुकान टाकलं आणि त्याला बजावलं, "ये, जेव, भांड. पण तुझा धंदा या उंबऱ्याच्या आत आणलास, तर मला भाऊ नाही."

दादाने ते पाळलं. आपली माणसं तो कोपऱ्यावरच थांबवायचा. बहिणीच्या दुकानात तो एकटा असतो हे मग साऱ्या बंदराला कळलं.

त्या दुपारी ती त्याच्या नव्या कोटाचं माप बघत होती. एक बाही लागली होती.

"पोट आत घे."

"आतच आहे."

"मग हे बाहेर कुणाचं आलंय?"

दादा खदखदून हसला, आणि दार उघडलं. त्याचा जुना ड्रायव्हर आत आला. महिन्यापूर्वीच तो दुसऱ्या टोळीला मिळाला होता. हात खिशात, कपाळावर घाम. दादाने काचेतून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"उभ्याने बोलू नकोस. आधी बस."

इतक्या वर्षांची सवय. ड्रायव्हर स्टुलावर बसला. "दादा, माझा इलाज नाही."

"माहीत आहे रे. पण इथे नको. माझ्या बहिणीचं दुकान आहे."

त्याने कोट जपून उतरवला, टाचण्या पडू नयेत म्हणून, आणि मशीनवर ठेवला.

"दादा, निघालास कुठे? दुसरी बाही राहिलीय."

"लाव तोवर. जरा लांब ठेव, मनगट उघडं पडतं."

सांज व्हायच्या आत तो गोदामांमागे पडलेला सापडला. पुरताना बहिणीने त्याला तोच कोट घातला. दुसरी बाही लांब होती.

पण तिच्या डोळ्यांपुढे येतो तो दारातून निघालेला दादा. सदऱ्यावर, घाई न करता, रडणाऱ्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून तो रस्ता उतरत गेला. वळणावर त्याने मागे पाहिलं नाही. ती काचेआड उभी होती. दुसऱ्या बाहीसाठी ओठांत टाचण्या धरल्या होत्या, म्हणून हाकही मारता आली नाही.