एकाच खुर्चीपुरता आवाज

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळ्याजणी कानबाई म्हणायच्या. लाइनवर जराशी खरखर झाली, की बिघाड कुठल्या टोकाला आहे ते ती नुसतं ऐकून सांगायची. निवृत्त होताना तिने ठरवलं होतं, आता कानांना आराम. पण घरी नवरा टपूनच बसला होता.

नवरा ड्राफ्ट्समन होता. हौस एकच, व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचे अँप्लिफायर स्वतःच्या हाताने बनवायचे. काचेतल्या तारा केशरी पेटल्या, की माणूस लहान मूल व्हायचा. त्यातच त्याने कुठूनशी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जोडी पैदा केली. माणसाएवढे उंच, दाराच्या फळ्यांसारखे. आत केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा, विजेच्या दाबाने थरथरून गाणारा. आवाज म्हणाल तर गाणारी बाई समोर येऊन उभी राहावी असा. पण अँप्लिफायरचं आणि त्यांचं काही केल्या पटेना. सूर वर चढला की स्पीकर जास्तच करंट ओढायचे आणि अँप्लिफायरला नेमकी तिथेच धाप लागायची. मग गाण्यातला प्रत्येक ‘स’ ब्लेडसारखा कापत जायचा.

नवरा ट्रान्सफॉर्मर बदलायचा, जोडण्या बदलायचा. पण बदल झाला की नाही हे त्याला कळेना, कारण साठीला येईतो त्याला वरचे सूर ऐकूच येईनासे झाले होते. “आता तूच माझे कान,” तो म्हणाला. ती बसली ती बसलीच.

बसायला खुर्चीही एकच. त्या स्पीकरांची जादू बरोबर मधोमधच. वीतभर सरकलं की संपलं. पडद्याला धूळ चिकटते म्हणून खिडक्या बंद. आवाज मध्ये येतो म्हणून पंखा बंद. वर व्हॉल्व्हची धग. रोज संध्याकाळी त्याच गाण्याची तीच ओळ.

“आता?”

“टोचतंय.”

“आता?”

“अहो, अजून टोचतंय.”

शेजारणी फिरायला निघायच्या, काचेवर टकटक करायच्या. तो हातानेच ‘नंतर’ म्हणायचा. शेवटी त्यांनी नाद सोडला. वर्षं अशीच गेली.

एका संध्याकाळी तिचा जीव इतका गुदमरला, की तोंडून निघून गेलं, “जमलं हो! एकदम छान.”

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. तिला वाटलं, सुटले बाई.

पुढच्याच रविवारी त्याने ऑफिसातल्या जुन्या मित्राला ऐकायला बोलावलं. मित्र खुर्चीत टेकला आणि पहिल्याच ओळीला त्याच्या कपाळावर आठी चढली. “अरे, किती कापतंय हे!”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने सगळं सांगून टाकलं असतं. पण तिथे काळजी होती.

“अगं, तुलाही ऐकू येईनासं झालं की काय?”

“असेल,” ती पुटपुटली.

तो तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे कपाटाएवढी खोली, भिंतींना स्पंज, जाड दार. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बारीक शिट्टी आली, मग तिच्याहून बारीक. सगळ्या तिला लख्ख ऐकू येत होत्या. काचेपलीकडे नवरा श्वास रोखून उभा होता. बटण दाबलं तर खोटेपणा उघडा पडणार आणि पुन्हा रोजची ती तपासणी. तिने अंगठा बाजूला घेतला.

“वरचे सूर गेलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वयाने होतं.”

तो घराच्या पायऱ्यांवर थांबून म्हणाला, “मीच राबवून घेतलं तुझ्या कानांना. आता बास.” त्याने खरंच हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. तिला मोकळं मोकळं वाटलं. चपला घालून जरा बाहेर जावं, शेजारणींना गाठावं, असं मनात येतंय तोच त्याने खिडक्या लावून घेतल्या आणि व्हॉल्व्ह पेटवले.

“आता चुका शोधायच्या नाहीत. जे दोघांनाही ऐकू येत नाही ते टोचणार कसं? नुसतं ऐकायचं, आयुष्यभर. ये.”

खुर्ची त्याने तिलाच दिली. स्वतः स्टूल ओढून बाजूला बसला, जिथे धड काही ऐकू येत नव्हतं. पहिल्याच ‘स’ला तिच्या दाढा शिवशिवल्या. उठावं म्हटलं तर तिचा हात त्याच्या हातात होता आणि तो डोळे मिटून मान डोलावत होता.

गाणं संपलं. “आणखी एक लावू?” त्याने विचारलं.

“लावा,” ती म्हणाली.