धाकटीचा खुराक

आमची धाकटी जाऊ म्हणजे पायाला भिंगरी. चहाचा कप हातात द्यावा, तर तो अर्धा पिऊन गोठ्याच्या कठड्यावर ठेवलेला. जरा बसून बोल म्हटलं की म्हणायची, "जाऊबाई, उभ्यानंही ऐकू येतं मला." आता अशा बाईला काय बोलायचं!

खुराक कालवताना मात्र हीच बाई घाई विसरायची. आमच्या गाई दोनच, चांदी आणि मोरी. नुसत्या वाळल्या चाऱ्यावर दूध कुठून यायचं? म्हणून ती पेंड-भुशात अगदी थोडा युरिया मिसळायची. आधी चाळायची, खडा राहिला का ते बोटांनी चाचपायची, मग उसाची मळी ओतून तळापासून कालवायची. वासराच्या आसपास ते घमेलं कुणाला नेऊ द्यायची नाही.

सासूबाईंना हे मुळीच पटत नव्हतं. "जे शेतात फेकायचं ते मुक्या जनावराच्या तोंडात? शहाणीच आहेस!"

"आई, ते गाईसाठी नाहीच," धाकटी हसायची. "तिच्या पोटात जंतूंचं बिऱ्हाड असतं. आपण त्या बिऱ्हाडकरूंना जेवू घालतो, आणि ते गाईला पोसतात. फक्त त्यांना हळूहळू सवय लावावी लागते."

सासूबाई तोंड फिरवायच्या. मी मध्ये पडत नव्हते. दूध काढणं आणि पोचवणं माझं, खुराक तिचा.

मग तिच्या बहिणीचं बाळंतपण आलं. धाकटी गेली, खुराक सासूबाईंकडे आला. थोड्या दिवसांनी एका दुपारी ती परतली, ती तडक गोठ्यात. खांद्याची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

"अगं, मुलगा की मुलगी ते तरी सांग!" मी ओरडले.

"मुलगी. आधी गाईंचं बघते."

नेहमीचं माप घेतलं, चाळलं, कालवलं, दोघींपुढे ठेवलं. सासूबाई दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

आमचं हातपाय धुऊन होतंय तोवर मोरी कराकरा दात खाऊ लागली. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, पोट टम्म. चांदीचीही लाळ गळायला लागली.

"युरिया जास्त नाही ना पडला?"

"माझ्या हातून?" धाकटी चिडली. "रोजचंच माप आहे. ओला चारा जास्त झालाय, पोट फुगलंय. तेल आणा!"

मी तेल आणलं. ती पाजायला गेली, थांबली, गाईभोवती फिरली, पुन्हा थांबली. मी फोन लावून डॉक्टरांचा आवाज मोठा केला.

"युरिया घालता ना तुम्ही? आजचं माप?"

"नेहमीचंच, डॉक्टर."

"मध्ये खंड पडला होता का?"

"नाही हो!" धाकटी म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात मोरीचे पुढचे पाय दुमडले आणि ती धपकन खाली बसली.

"आई, बोला ना!" मी अक्षरशः खेकसले.

"पडला होता," सासूबाई म्हणाल्या. "ही गेली त्या दिवसापासून मी ते घातलंच नाही."

"अहो, मग सवय मोडलीय त्यांची!" डॉक्टर ओरडले. "तेल राहू द्या. व्हिनेगर आणि गार पाणी पाजा, भरपूर. मी निघालोच."

व्हिनेगरच्या बाटल्या धाकटीनं याच भीतीपोटी फळीवर ठेवलेल्या होत्या. मी चांदीची मान वर धरली, तिनं पाजलं. चांदी प्यायली. मोरीला गिळताच येईना. डॉक्टर आले तेव्हा मोरी संपली होती. चांदी धापा टाकत होती, पण उभी होती.

डॉक्टरांनी चांदीला तपासलं. ही तरेल म्हणाले. धाकटी मोरीचे कान कुरवाळत बसली होती. सासूबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शिव्या दे गं मला. काय वाट्टेल ते बोल."

मला तर दोन शब्द सुनवायचेच होते. जीभ शिवशिवत होती. धाकटीनं मान वर केली.

"तुम्हाला काय बोलू, आई? मी नसताना काय घातलंत, एवढं विचारायला हवं होतं मी. तुम्हाला ते आवडत नाही हे काय मला ठाऊक नव्हतं? विचारायलाही थांबले नाही मी." मग तिनं चांदीकडे पाहिलं. "तुम्ही बोललात म्हणून चांदी तरी वाचली."

माझा राग जागच्या जागी विरघळला. शिवी सासूबाईंनी झेलली असती. हे मात्र त्यांना सोसवलं नाही. त्या तिथंच, मोरीच्या पायाशी बसून, लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडल्या.