बोटं उठायच्या आधी

"थांब रं, माझी बोटं अजून उठली न्हाईत," असं म्हणत काकू दुधाची किटली खिडकीत ठेवायच्या आणि झाकण काढायला दोन्ही मनगटं लावायच्या. पलूसजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्रावर मी दुधाची फॅट मोजतो. काकू आमच्याच गल्लीतल्या. रांगेतल्या सगळ्यांना ते वाक्य पाठ होतं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. मला ती थट्टाच वाटायची.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिचा हात म्हशीला कळतो. कुणाची पहिलारू म्हैस लाथा झाडायला लागली की काकूंना बोलावणं जायचं. त्या तिच्या पाठीवर हात ठेवून "सोड गं बाई, सोड" म्हणायच्या आणि म्हैस पान्हा सोडायची. शेवटची धार निघेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. "निपटून काढावं. मागं ठिवलं की कास दुखती तिची," असं वर आम्हाला ऐकवायच्या.

एका हिवाळ्यात त्यांच्या दुधाची फॅट उतरायला लागली. संध्याकाळी नेहमीसारखी, सकाळी मात्र रोज कमी. आठ दिवस मी गप्प बसलो. नवव्या दिवशी माझ्यातला साहेब जागा झाला. रांगेसमोर म्हणालो, "काकू, पहाटे नळाला पाणी लय येतंय वाटतं?"

रांग हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदराखालचे हात काढून खिडकीत ठेवले. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते आणि मूठ अर्धीच मिटत होती.

"आमवात हाय म्हणत्यात. ऊन चढल्याबिगर बोटं वळत न्हाईत, आन् तुझी गाडी सातला जाती," त्या म्हणाल्या. "शेवटचं दूध निघंना रं मला. पाणी न्हाई घातलं."

शेवटच्या धारेत फॅट जास्त असते, हे मला लहानपणापासून माहीत. दुधातलं पाणी ओळखायचं लॅक्टोमीटर हाताशी होतं, पण ते मी बुडवलंच नव्हतं. तेव्हा बुडवलं. पाणी नव्हतं. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

मी माफी मागितली. "असू दे," काकू म्हणाल्या. "पर दूध मागं ऱ्हाऊन म्हशीला दगडी झाली, कास घट्ट झाली, तर मी तिची माफी कशी मागू?"

दुसरं कुणी धार काढायला बसलं की ती म्हैस दूध चोरायची, पान्हाच सोडायची नाही. घरात दुसरे होते फक्त सुभेदार, म्हणजे काकूंचे मालक, लष्करातून निवृत्त होऊन आलेले. म्हैस त्यांना जवळ येऊ देईना. शेवटी त्यांनी काकूंची साडी अंगाला गुंडाळली आणि मिशांवर पदर ओढून कासेला बसले. मी गोठ्याच्या दारातून पाहिलंय. काकू शेजारी पाटावर बसून हुकूम सोडत होत्या. "आवं, जरा हळू! बंदूक न्हाई ती!" म्हैस साडीला काही फसली नाही. पण काकूंनी "सोड गं बाई" म्हटलं आणि पहिली धार बादलीत वाजली. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळं आलं, असं ते म्हणाले. गोठ्यात धूर नव्हता.

यंदा दिवाळीनंतर मुलीनं काकूंना उपचारासाठी साताऱ्याला नेलं. तेव्हापासून रोज धारेच्या वेळेला त्यांचा फोन येतो आणि सुभेदार तो म्हशीच्या कानाशी धरतात.

परवा ते किटली घेऊन आले तेव्हा फोन खिशात चालूच होता. "फॅट किती लागली, इचारा," आतून काकू बोलल्या.

मी आधी लॅक्टोमीटर बुडवलं. आता सगळ्यांच्याच दुधात बुडवतो. मग फॅट मोजून मोठ्यानं म्हणालो, "सात पॉइंट दोन, काकू!"

"मजी निपटून काढलंय," त्या म्हणाल्या. "मग आता माझं तिथं काय काम?"

रांगेत कुणी हसलं नाही. सुभेदारांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"काम हाय. उद्याबी साडेपाचला फोन कर. तू बोलल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई."

"इतक्या सकाळी माझी बोटं उठत न्हाईत."

"बोटं झोपू देत," सुभेदार म्हणाले. "तू तेवढी ऊठ."