‘नी’वर अडकलेले बाबा

खुब्याचं हाड मोडून बाबा माझ्याकडे वाघोलीला राहायला आले, तेव्हा आम्हा दोघांचं ध्येय एकच होतं: त्यांनी लवकरात लवकर बिबवेवाडीला स्वतःच्या घरी परत जावं. प्रेम कमी होतं असं नाही, पण हुकूम सोडणारी दोन माणसं एका फ्लॅटमध्ये मावत नाहीत. डॉक्टरांची अट सोपी होती. पलंगापासून लिफ्टपर्यंत वॉकर घेऊन, कुणी न धरता चालता आलं की घरी जायचं. म्हणजे चोवीस पावलं. बाबा सहाव्या पावलाला थांबायचे, मागे ठेवलेल्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “झालं आजचं.”

माझी लेक मुलांच्या कार्टून मालिकांना संगीत बसवते. याला नोकरी म्हणतात हे बाबांना मान्य नाही. त्या आठवड्यात ती घरूनच काम करत होती. तिच्या पडद्यावर एक अस्वल चोरपावलांनी मधाकडे निघालं होतं आणि प्रत्येक पावलाला एक टुणकन सूर वाजत होता.

“ही फार जुनी पद्धत आहे,” ती म्हणाली. “चित्रपट मुके होते तेव्हा थिएटरात एक पियानोवाला पडद्याकडे बघत वाजवायचा. मग आवाज आला. कार्टूनवाल्यांनी काय केलं, तर आधी ठेका ठरवला आणि ठोके मोजून चित्रं काढली. आधी संगीत, मग पाऊल. तेव्हा एका मांजरासाठी अख्खा वाद्यवृंद बसायचा. टीव्ही आला आणि वेळ, पैसा दोन्ही आटले. मग पाठलागाची एकच धून दर भागात.”

“आणि आता?”

“आता मी एकटी. वाद्यवृंद लॅपटॉपमध्ये.”

मला मात्र हा इतिहास वेगळ्याच बाजूने माहीत होता. लहानपणी रविवारी सकाळी कार्टून लागायचं, आणि नेमकी तीच बाबांची रेडिओ ऐकायची वेळ. तडजोड अशी की टीव्ही बघायचा, पण आवाज बंद. त्यामुळे आमच्या घरातलं मांजर उंदरामागे धावायचं ते विलंबित ख्यालावर. उंदीर बिळात शिरून जेवूनखाऊन झोपला तरी बुवांचा पहिला आलाप संपलेला नसे. हसू यायचंच नाही. कार्टूनमधला अर्धा विनोद कानाने ऐकायचा असतो, हे मला शेजाऱ्यांकडे गेल्यावर कळलं.

“आजोबांच्या पावलांना लाव की सूर,” लेक म्हणाली. मी माळ्यावरून बाजाची पेटी काढली.

नियम असा: त्यांनी पाऊल टाकलं की मी सूर देणार. सा, रे, ग, असे आठ सूर वरच्या सापर्यंत. अशी तीन सप्तकं झाली की लिफ्ट.

“मी काय तुमचं अस्वल आहे?” बाबांनी विचारलं.

“अस्वल लिफ्टपर्यंत जातं, बाबा.”

दोन दिवस ते मुद्दाम धैवतावर, म्हणजे सहाव्याच पावलाला, खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी मला चकवायला म्हणून एक पाऊल जास्त टाकलं. मी नी दिला आणि तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी उठले.

“अगं, नीवर सोडून कुठे निघालीस?”

“गॅस बंद करायला.”

“आधी सा लाव!”

जन्मभर मैफलीत पुढच्या रांगेत बसून मांडीवर ताल धरणारा माणूस. गवई समेला चुकला की यांच्या छातीत कळ यायची. हॉलच्या मधोमध वॉकर धरून ते वरच्या सासाठी नुसते ताटकळले होते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“पाऊल टाका, मग मिळेल.”

टाकलं. आठवं. सा मिळाल्यावर त्यांचा चेहरा सरळ झाला. तिथून पुढे प्रत्येक नीवर मी पेटीवरून हात उचलायला लागले. आठवडाभरात दुसरं सप्तक पार झालं. समोरच्या बाईंनी विचारलं, “क्लास सुरू केलात का?” म्हटलं, “हो, चालण्याचा.”

एका शनिवारी मी त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. दार उघडं, लेक लिफ्ट धरून उभी. बाबा निघाले. पहिलं सप्तक, दुसरं, मग उंबरठा ओलांडून पॅसेज. तेविसाव्या पावलाला मी नी दिला आणि हात उचलला. ते लिफ्टच्या तोंडाशी थांबले. मागे वळून बघणं त्यांना जमत नव्हतं, पण बोलणं जमत होतं.

“सा लाव.”

“आधी पाऊल.”

“तुझ्याच लेकीने सांगितलंय. आधी संगीत, मग पाऊल. मी काही बहिरा नाही.”

लेक लिफ्टच्या दाराला टेकून हसत सुटली. मी गुपचूप सा दिला. बाबा आत गेले आणि आतल्या कठड्याला धरून सावकाश वळले.

“बॅग आण,” ते म्हणाले. “आणि तुझा गंधार उतरलाय. तीन आठवडे सहन करतोय. पेटीवाल्याला दाखव.”