बिनशेपटीची पाल

माझ्या मुलाने बऱ्याच महिन्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं, आणि मागितलं काय, तर पाल.

मी पोळ्या लाटत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्या घरात तेव्हा हीच मोठी बातमी होती. म्हणाला, "आई, मला गेको पाळायचाय." मला वाटलं, कासव वगैरे असेल. त्याने मोबाइल पुढे धरला. डोळ्यांवर झालर, अंगावर पिवळट-तांबूस नक्षी, पण होती पालच. क्रेस्टेड गेको म्हणतात म्हणे. मी तोंडाची फटकळ, पटकन बोलून गेले, "ट्यूबलाइटमागे दोन आहेत, त्यांच्याकडून मी काय भाडं घेते? त्याच पाळ की." त्याचा चेहरा मिटायला लागला, तशी मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "आणू या."

आणू या म्हटलं, कारण मागणंच त्याने सोडून दिलं होतं. ऐरोलीला एका कंपनीत तो चांगला नोकरीला होता. एके दिवशी बऱ्याच जणांना काढलं, त्यात हाही गेला. सुरुवातीला इंटरव्ह्यू दिले, मग देईनासा झाला, मग बिल्डिंगखाली उतरेनासा झाला. डॉक्टर केले. गोळ्या कधी घेतो, कधी उशीखाली ठेवतो. कामोठ्यातल्या आमच्या या फ्लॅटमध्ये त्याची खोली म्हणजे वेगळं गाव झालं होतं. दार मात्र तो अर्धं उघडं ठेवायचा. जेवायला हॉलमध्ये यायचा, चार घास खाऊन जायचा. त्या अर्ध्या उघड्या दारावर मी जगत होते. मला एवढंच हवं होतं, की त्याने त्या दारातून बाहेर यावं. आधी हॉलमध्ये बसावं, मग खाली उतरावं, पुढचं पुढे. त्यासाठी पाल काय, मी मगर पाळली असती.

पालीचं आणि माझं तसं जुनं आहे. माझं माहेर तळवलीचं. आईच्या घरी रीत अशी, की कोणी बोलत असताना पाल चुकचुकली, तर ते बोलणं खरं. लगेच बोटाच्या पेराने जमिनीवर टकटक करायचं आणि 'क्रिष्न क्रिष्न' म्हणायचं. "पाल बोलली, खरां हाय," आई म्हणायची, मग विषय शेजारच्या भांडणाचा असो की मासळीच्या भावाचा. माझा हात तिच्याकडूनच शिकला. मी बी.कॉम. झाले, नोकरी केली, तरी पाल बोलली की बोट आपोआप जमिनीकडे जातं. जमीन लांब असली तर टेबल, नाहीतर भिंत. मुलगा सुट्टीत आजीकडे राहायचा, तिथे त्यालाही ही लागण झाली. एकदा जेवताना तो म्हणाला, "मी मोठेपणी विमान चालवणार," आणि नेमकी वर पाल चुकचुकली. आजीने ताटाशेजारी टकटक केलं. हा पोरगा उष्ट्या हाताने आळीभर सांगत सुटला, की माझं ठरलंय, पाल बोलली.

तर मी त्याला एक अट घातली. "आणायला तू यायचंस. मला भाजी निवडता येते, पाल नाही." तो किंचित हसला आणि "बरं" म्हणाला. खारघरला एक जण घरातच या गेकोंची पैदास करतो, हे त्यानेच शोधून काढलं. रविवार ठरला आणि मी देव पाण्यात घालून बसले. रविवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बुटांवर धूळ चढली होती, ती पायपुसण्यावर पुसली. नवऱ्याने खाली गाडी काढून ठेवली होती. आम्ही दोघं लिफ्टपाशी आलो. दार उघडलं तर आत वरच्या मजल्यावरच्या काकू. "अरे वा, आज स्वारी बाहेर?" त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण हा तिथेच थांबला. "तुम्ही जाऊन या," म्हणाला आणि मागे फिरला. मी आत पाऊल टाकलेलं होतं. दार बंद होताना त्याची पाठ दिसली. त्या बाईशी मी तळमजल्यापर्यंत एक शब्द बोलले नाही, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं देव जाणे.

गाडीत नवरा म्हणाला, "जायचं का वर परत?" मी म्हटलं, "मागितलंय त्याने. रिकाम्या हाताने नाही जायचं."

खारघरचा तो माणूस पस्तिशीतला, हळू बोलणारा. त्याच्या एका खोलीत काचेच्या उभ्या पेट्या होत्या, आत फांद्या, वेली, आणि खोली अशी गार, की मी पदर खांद्यावर ओढून घेतला. मी आधी हेच विचारलं, "ही बोलते का हो?" तो गोंधळला. मी चुकचुक करून दाखवलं. "नाही काकू, हे सहसा आवाज करत नाहीत. दचकलं, चिडलं तर कधीतरी. भुंकल्यासारखं." मी म्हटलं, बरं आहे, आमच्या घरात आधीच मी आहे.

मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. पण त्याने उचलला, आणि मग जो बोलायला लागला, की मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. "आई, कॅमेरा जवळ ने. पाय बघ, बोटांना जुनी कात अडकलीय का? नाकपुड्या? कमरेची हाडं वर दिसतायत का? दिसत असतील तर नको." मी त्या माणसाला विचारत होते, तो पाल हातावर चालवून दाखवत होता, पोरगा तिकडून "हं, हं" करत होता. लहान पिल्लू नको म्हणाला, पहिलंच आहे, जरा मोठंच बरं. डॉक्टर जेव्हा जेव्हा विचारायचे, तेव्हा 'ठीक आहे' एवढंच बोलणारा हा मुलगा. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

मला एक पसंत पडली होती, तांबूस, लांब शेपटीची. मी कॅमेरा तिच्यावर धरला होता, पण मागच्या पेटीतली दुसरी त्याला दिसली. "ती दाखव." तिला शेपूट नव्हतं. मागे नुसतं एक बोंड. तो माणूस म्हणाला, "लहानपणी घाबरून टाकलं त्याने. बाकी एकदम तब्येतीत आहे. नर आहे. शांत आहे." मी म्हटलं, "येईल की परत. आमच्या पालींचं येतं." तिकडून मुलगा म्हणाला, "यांचं नाही येत, आई. एकदा गेलं की गेलं." मी म्हटलं, "मग पैसे देऊन बिनशेपटीचं कशाला आणायचं? लोक हसतील." तो म्हणाला, "लोक कुठे येतायत बघायला? हाच घे." मी लांब शेपटीचा हट्ट आणखी थोडा चालवला. मग त्याने विचारलं, "माझ्यासाठी घेतेयस ना?" मी पर्स उघडली.

मी तिला हातावर घेतलं. नर असला तरी माझ्या तोंडी पाल ती पालच. किळस येईल असं वाटलं होतं, पण मळून ठेवलेल्या कणकेसारखी मऊ होती, आणि थंड. निघताना त्या माणसाने सांगितलं, की हिला उकाडा अजिबात सोसत नाही, आपल्याकडे एसी लागेलच, खोली सतत गार पाहिजे. नवऱ्याने लगेच माझ्याकडे बघितलं. "जन्मभर मला दुपारी पंखा दोनवर ठेवायला सांगितला हिने," तो म्हणाला. बिलाचा विचार माझ्याही मनात आला. दुसरा कुठलाच आला नाही, आणि तिथेच माझं डोकं गहाण पडलं होतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस सोन्याचे गेले. त्याने पेटी लावली, फांद्या धुऊन घेतल्या, झाडांवर पाणी मारायची माझी बाटली उचलून नेली. पालीचं खाणं म्हणजे फळांची पूड पाण्यात कालवायची. ते कालवताना तो ओट्यापाशी उभा राहायचा. तो लहान असताना मी त्याच्यासाठी नाचणीचं सत्त्व अशीच ढवळत उभी राहायचे, ते मला आठवायचं आणि मी उगाच भांडी घासत बसायचे, म्हणजे तेवढा वेळ तो शेजारी.

मग ऊन वाढलं. एसी चोवीस तास सुरू झाला. एकदा मी चहा घेऊन गेले आणि सवयीने दार अर्धं उघडं ठेवून आले. आतून हाक आली, "आई, दार लाव ना, गार हवा जाते." मी लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. मग त्याने दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून सरकवला. पुडीचं पाकीट, वाटी, चमचा आत गेलं. मग ताटही आत जायला लागलं, कारण जेवायला बाहेर आला, की दार दोनदा उघडणार आणि पेटीतलं तापमान चढणार. अर्धं उघडं होतं ते दार माझ्याच हाताने बंद झालं. करायला गेले गणपती, झाला मारुती. नवरा काही बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

माझ्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, अख्खी तळवली मांडवात. हा भाचा आणि माझा मुलगा एका ताटात जेवलेले. हळदीच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, मी देवापाशी दिवा लावला, मेथीची जुडी घेतली आणि त्याच्या दारापाशी जमिनीवरच बसले. पाय दुखत होते, पण उभ्याने बोललं की माझा आवाज चढतो.

"ऐकतोयस का रे?"

"हं."

आतून हालचाल झाली. टॉवेल एका बाजूने जरासा सरकला, फटीतून निळसर उजेड आला, आणि दाराला पलीकडून पाठ टेकल्याचं मला कळलं. तो दाराला टेकून बसला होता. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त ती फळी होती. मी मेथी निवडत निवडत बोलत राहिले. मांडव कुठे घातलाय, कोण कोण आलंय, मामा सारखा विचारतोय. "तासभर ये फक्त. नाचू नकोस, जेवू नकोस. गाडीतून उतर, नवरदेवाला बोटभर हळद लाव, परत गाडीत बस. पालीजवळ तुझे बाबा बसतील. मी सांगते त्यांना."

त्याची पाठ दारावर जराशी सरकली. मला वाटलं, हो म्हणतोय. खरंच वाटलं.

मग तो म्हणाला, अगदी नीट, न चिडता, "आई, माझं आता हे असंच राहणार आहे. मी नाही बरा होणार. तू वाट बघणं सोड."

आणि आत ती पाल बोलली. आल्यापासून कधी बोलली नव्हती. चुकचुक नव्हे, भुंकल्यासारखाच आवाज, छोटा, कोरडा. कशाला दचकली कोण जाणे.

माझ्या डाव्या हातात मेथीच्या काड्या होत्या. उजवा हात मोकळा होता. बोटाचं पेर फरशीवर वाजलं, टक टक टक, आणि तोंडातून "क्रिष्न क्रि..." एवढं निघूनही गेलं. मी हात मागे घेतला. तो जणू माझा नव्हताच.

दारापलीकडे तो बसला होता. आजीच्या ताटाशेजारी बसून हीच टकटक ऐकून मोठा झालेला तो. त्याला वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"अरे, सवय रे हाताची. वेडा आहेस का. ती काय आपली पाल आहे? परदेशातली ती, तिला काय कळतंय." मी भराभर बोलत सुटले. बोलताना माझं मलाच कळत होतं, की हे सगळं मी पालीबद्दल बोलतेय. "तू बरा होशील" हे साधं वाक्य माझ्या तोंडून बाहेर येत नव्हतं. आत ती पुन्हा बोलेल की गप्प राहील, दोन्हींची मला भीती वाटत होती.

"माहितीय, आई," तो म्हणाला. "जा तू हळदीला."

दारावरचा भार उठला. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने फटीतला उजेड आधी अर्धा झाला, मग गेला. त्याने टॉवेल परत नीट सरकवला होता.