शेपटीचा टेकू

गल्लीतली अर्धी म्हातारी माणसे कवळीवाल्यांनी बनवलेल्या दातांनी हसायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेण वितळवायचे, साचे ओतायचे, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या, हा कवळीवाल्यांचा धंदा. संध्याकाळी घरी येऊन त्याच कानशी, तेच चिमटे आणि तेच भिंग घेऊन विमाने बनवायची, हे त्यांचे वेड. विमाने तरी कुठली? जुन्या लढायांतली, खरी कधीच भंगारात गेलेली, आणि आकाराने खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची. मागच्या छोट्या खोलीत छताला दोऱ्यांनी इतकी विमाने लटकत होती की पंखा लावायची सोय नव्हती. लावला असता तर आपल्याच घरात आपलेच हवाई दल पडले असते. म्हणून कवळीवाले घामाने निथळत बसत आणि वर मान करून खूश होत.

बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरातही कुणाला एक मार्क फुकट द्यायची नाही. "अहो, उतरा आता जमिनीवर, जेवायला वाढलंय," हे तिचे रोजचे वाक्य. विमानांवर तिचा राग नव्हता, पण चिमट्यातून टुणकन उडालेला खसखशीएवढा तुकडा शोधायला नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन फरशीवर रांगायचा तिला कंटाळा आला होता. "तुमची विमानं काही उडत नाहीत," ती पलंगाखालून म्हणायची, "त्यांचे तुकडे मात्र छान उडतात."

असे सुखाचे दिवस चालले असताना सासरेबुवा कायमचे राहायला यायचे ठरले. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते आणि आता गुडघे ऐकेनात. घरात मोकळी खोली एकच, तीही मोकळी नव्हतीच.

"टेबल आणि विमानं माळ्यावर," बायकोने निकाल दिला.

कवळीवाल्यांचा चेहरा असा पडला की तिलाच दया आली. "बरं, एक करा. बाबा पूर्वी असल्याच विमानांवर होते ना? त्यांच्याच तोंडून एकदा 'छान' येऊ दे. मग टेबल तिथंच राहील, खाट कशी बसवायची ते मी बघते."

दिसायला अट सोपी होती, पण सासरेबुवा बोलतच नसत. दात गेले तशी त्यांनी तोंडावर हात धरायची सवय लावून घेतली होती, आणि सासूबाई गेल्यापासून तर सगळ्याला एकच उत्तर, "हं." जावयाने जीव ओतून त्यांच्यासाठी कवळी केली, तर त्यांनी ती एकदा तोंडात घातली, काढली, रुमालात गुंडाळली आणि पेटीत ठेवून दिली. टोचते का? हं. सैल आहे का? हं. सगळ्या गल्लीला हसवणाऱ्या माणसाला आपल्याच सासऱ्याचे हसू जमले नाही, हे कवळीवाल्यांना फार लागले होते. बोलून दाखवत नसत, एवढेच.

सासरेबुवांच्या विमानाबद्दल माहिती म्हणावी तर एक फोटो. तो बाहेरच्या खोलीत लावलेला होता. चार इंजिनांचे, गरोदर म्हशीसारखे पोट असलेले बॉम्बफेकी विमान, त्याच्यापुढे सामान चढवणारी पोरे ओळीने उभी, आणि शेपटीजवळ कोवळे सासरेबुवा छाती काढून, हातात एक उंच काठी धरून. ती काठी म्हणजे पथकाच्या झेंड्याची काठी, आणि तो मान फक्त सगळ्यात चलाख पोराला मिळतो, असे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग झेंडा कुठे आहे, असे कुणी विचारलेच तर, "त्या दिवशी धुवायला गेला असेल." सासरेबुवा तेव्हाही खाली बघून "हं" म्हणायचे.

कवळीवाल्यांनी तेच विमान करायला घेतले आणि त्यांच्या अंगात वारे शिरले. नखाएवढ्या कॉकपिटमध्ये त्यांनी घड्याळे रंगवली, आसनांना पट्टे बांधले. दातांच्या मसाल्यातून वैमानिक घडवले, म्हणून गडी जरा गुलाबी निघाले. बिनतारी यंत्रावर बसणाऱ्याच्या हाताशी त्यांनी मोहरीएवढा चहाचा मग ठेवला, दांडीसकट. धड बंद झाल्यावर तो देवालासुद्धा दिसणार नव्हता. "मला माहितीये ना तो आत आहे," ते बायकोला म्हणाले. शेपटीजवळ त्यांनी तरुण सासरेबुवा उभे केले. फोटोवर फूटपट्टी ठेवून, भागाकार करून काठी अगदी मापात कातली. तिच्या वरच्या टोकाला एक वाटीसारखा खळगा होता. झेंड्याच्या काठीला खळगा कशाला, हे काही त्यांना कळले नाही, पण फोटोत आहे म्हणजे आहे, म्हणून तोही कोरला. वर पदरचा एक झेंडा चिकटवला. न धुतलेला.

सासरेबुवा यायच्या दिवशी सकाळी रंग वाळला. कवळीवाल्यांनी शिट्टी वाजवत विमान पहिल्यांदा चाकांवर उभे केले आणि दोन पावले मागे जाऊन हात कमरेवर ठेवले. विमानाने हळूच नाक वर केले आणि टक्कन शेपटीवर बसले.

असली विमाने करणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा ही चूक करतो. ज्याचे पुढचे चाक नाकाखाली असते, त्याच्या नाकात धड चिकटवण्याआधी वजन भरायचे असते. संचाबरोबरच्या सूचनांच्या कागदावर ठळक छापलेलेही असते. शिशाचा गोळा बशीत काढून ठेवलेला होता आणि तो अजून बशीतच होता.

बायकोने दारातून एकदा विमानाकडे, एकदा बशीकडे पाहिले. "चहाचा मग ठेवलात," ती म्हणाली, "आणि वजन विसरलात."

"अगं, हसू नकोस. काहीतरी सुचव."

"मी गणिताची. मला उत्तर दिसतंय, माळा."

कवळीवाल्यांनी हार मानली नाही. पुढच्या चाकाच्या भोकातून आत गोंद सोडला, मग सायकलच्या चाकातले बारीक छर्रे एकेक करून ढकलले. नाक खाली धरून पोथी वाचल्यासारखे गप्प बसले. गोंद धरला असेल असे वाटल्यावर विमान सरळ केले, तर शाळा सुटल्यासारखे सगळे छर्रे आतल्या आत धावत शेपटीत जाऊन बसले. आता शेपटी आणखी जड, शिवाय विमानाचा खुळखुळा झाला तो वेगळाच. बायको दाराची चौकट धरून इतकी हसली की डोळे पुसायला पदर पुरेना. शेवटी कवळीवाल्यांनाही हसू फुटले. दोघे हसत होते आणि खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता.

बायको बाबांना आणायला धावली. कवळीवाल्यांनी तिच्या पर्समधून खोडरबर काढले, शेपटीखाली सरकवले आणि देवाचे नाव घेतले.

सासरेबुवा पेटी आणि उशी घेऊन आले, खुर्चीत टेकले, पाणी प्यायले. खोली पाहून "हं" म्हणाले. छत पाहून "हं" म्हणाले. मग त्यांची नजर टेबलावर आली आणि तिथेच राहिली. ते उठले, चष्मा पुसून पुन्हा लावला, विमानाभोवती फिरून शेपटीकडे आले आणि वाकले.

"बाबा, ते जरा वाळतंय अजून," कवळीवाले घाईघाईने म्हणाले.

सासरेबुवांनी दोन बोटांनी खोडरबर काढून घेतले. छर्रर्र... टक्. विमान शेपटीवर बसले.

कवळीवाल्यांनी मनातल्या मनात माळ्याची शिडी लावली. बायकोही हसली नाही. नवऱ्याची फजिती एकट्याने पाहायला तिला आवडत असे, चारचौघांत नाही.

सासरेबुवांनी टेबलावरच्या चिमूटभर तरुण सासरेबुवांच्या हातातली ती काठी अलगद ओढून घेतली. झेंडा नखाने टरकावला. एका हाताने शेपटी उचलली आणि काठी तिच्याखाली उभी केली. शेपटीखालचा उंचवटा काठीच्या खळग्यात असा बसला, जणू दोघे एकमेकांचेच. विमान सरळ, तिन्ही चाके जमिनीवर.

"टेकू कुणी काढला रे?" सासरेबुवा एकदम साहेबी आवाजात गरजले, आणि तोंडावर हात न धरता, बोळके उघडे टाकून, खो खो हसायला लागले.

हसता हसता जे बाहेर आले ते असे. ते विमान नाकाने हलके. मागून सामान चढवायचे तर आधी शेपटीखाली हा टेकू उभा करायचा, आणि ते काम सासरेबुवांचे. एका दुपारी व्हॉलीबॉलच्या जाळीला एक खांब कमी पडला, म्हणून त्यांनी टेकू नेला. इकडे पोरांनी मागून बटाट्याची पोती चढवली, स्वतःही चढली. पुढे वैमानिकाच्या खुर्चीत मोठे साहेब बसून तपासणी करत होते. विमानाने सावकाश, मोठ्या अदबीने नाक वर केले आणि साहेब पाय आभाळाकडे करून खिडकीतून ओरडायला लागले.

"शिक्षा काय झाली माहितीये? निघेल त्या प्रत्येक फोटोत टेकू हातात धरून उभं राहायचं. नावच टेकू पडलं माझं!"

"म्हणजे ती झेंड्याची काठी..." लेक खाली बसलीच. "बाबा, मी वर्गात सांगितलंय सगळ्या मुलांना!"

"तुझी आई इतक्या कौतुकानं सांगायची गं. मोडवेना मला." त्यांनी डोळे पुसले. हसून आले होते की कशाने, ते त्यांनाही सांगता आले नसते. "आणि मग ती गेली. सांगायचं कुणाला, असं झालं."

मग ते जावयाकडे वळले. "पण जावईबापू, तुम्ही बरोबर कसं काय केलं? मी काढून नेला होता तस्साच टेकू! आणि आत काय वाजतंय?"

"छर्रे," कवळीवाले म्हणाले. "आणि एक चहाचा मग आहे. तो दिसत नाही."

"दांडी आहे का त्याला?"

"आहे."

"छा..." म्हणेपर्यंत त्यांना पुन्हा हसू फुटले आणि शब्द अर्धाच राहिला. कवळीवाल्यांनी आशेने बायकोकडे पाहिले. तिने टेप आणून खाटेसाठी भिंत मोजायला घेतली होती. "अर्ध्या शब्दाचे अर्धे मार्क," ती म्हणाली, "पण काठावर पास. खाट आडवी टाकू."

संध्याकाळी शेजारचे लोक विमान पाहायला आले. सासरेबुवांनी गोष्ट सुरू केली, पण साहेबांचा आवाज काढताना हवाच जास्त जाऊ लागली. ते थांबले. पेटी उघडली, तळातला रुमाल सोडला, भिंतीकडे तोंड करून काहीतरी केले आणि वळले. मग गोष्ट अशी ठणठणीत झाली की खालच्या मजल्यावरून दोघे आणखी वर आले. कवळीवाले दाराशी उभे राहून फक्त तोंडाकडे बघत होते. गोष्ट त्यांनी ऐकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवा टेबलापाशी आले, तोंड वाकडे करून.

"जावईबापू, डावीकडे टोचतंय हो."

न घातलेली कवळी कधी टोचत नाही. कवळीवाल्यांनी विमानाचे चाक खाली ठेवले, बायकोला मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? टोचतंय म्हणाले!" आणि कानस शोधायला लागले.